बायकांच्या रांगेतला ड्रिल मास्तर

आधी रोगाचं नाव सांगून टाकतो, म्हणजे तुमचंही काम सोपं आणि माझंही. मला थानाचा कॅन्सर झाला होता. वाचणाऱ्यांतले निम्मे आत्ता गालात हसले असतील. हसू द्या, मीही हसलो असतो. मी हायस्कुलात ड्रिल मास्तर. त्याआधी पलटणीत नोकरी केलेली, तालमीत अंग कमावलेलं. असल्या माणसाला हे असलं दुखणं होतं असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. पण हा आजार पुरुषालाही होतो. क्वचित होतो, पण होतो. आणि वेळेत दाखवलं तर माणूस उठून कामाला लागतो. मी लागलोय. ज्याला किंवा जिला लाजेपायी गप्प बसावंसं वाटतंय, त्यांनी एवढं वाचावं म्हणून हे लिहायला बसलो.

मुका मार

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. आमचं गाव कराडपासून जवळच, कृष्णेच्या काठाला. एकदा आंघोळ करताना छातीच्या डाव्या बोंडाखाली वाटाण्याएवढं काहीतरी कडक हाताला लागलं. दुखत नव्हतं. मला वाटलं, तालमीत कुणाचं तरी कोपर बसलं असेल. वस्तादांना दाखवलं. त्यांनी अंगठ्यानं दाबून बघितलं आणि निकाल देऊन टाकला, "मुका मार हाय गड्या. रगत गोठलंय. रगडलं की जिरंल."

मग काय, रोज तेल आणि आंबेहळद लावून रगडणं सुरू. छाती म्हणजे आमच्या तालमीत देव्हारा. तिथं रोग होईल हे ना वस्तादांच्या डोक्यात आलं, ना माझ्या. गाठ जिरली तर नाहीच, चांगली चिंचोक्याएवढी झाली. बोंड आत ओढल्यासारखं दिसायला लागलं. तेव्हा मी कंबर धरल्याचं निमित्त सांगून तालीम सोडली आणि भर उन्हाळ्यात बनियनवर बंडी घालून हिंडायला लागलो. शाळेतले मास्तर थट्टा करायचे, मी मोठ्यानं हसून दाखवायचो. आतून मात्र भ्यालो होतो.

घरात कुणाला कळणार नाही अशी माझी समजूत होती. पण पुरुषमाणूस कितीही लपवाछपवी करो, त्याचे कपडे बायको धुते. अनसूया, माझी बायको, एका सकाळी धुण्याच्या दगडावरून तशीच ओल्या हातानं उठून आली. हातात माझं बनियन.

"आवं, हा डाग कशाचा?"

"घामोळं फुटलं असंल."

"घामोळ्यातनं रगात येतंय व्हय? बंडी काढा बघू."

काढली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे बायांस्नी होतंय. माझ्या मावशीला असंच झालं हुतं."

"मी काय बाई हाय?"

"न्हाईसा तेच बरं हाय. मावशी बाई हुती, तिला कुणी मिरजंला न्हेलं न्हाई. उद्याच्या पयल्या गाडीनं जायचं." एवढं बोलून ती परत धुण्याला गेली.

महादेवाचं नाव

शाळेत सांगितलं, दाढ काढायची आहे. घरी पोरांनाही तेच. ओगलेवाडीच्या स्टेशनवर गाडीत बसलो आणि मिरजेला उतरलो. दवाखान्याच्या वाटेवर सतार-तंबोऱ्यांच्या कारागिरांनी दारात मोठमोठे भोपळे वाळत घातलेले. अनसा ते बघत चालली होती. मला काही दिसत नव्हतं.

नाव घालायच्या खिडकीपुढं रांग होती. तिथं उभं राहून, चार माणसांदेखत, 'छातीत गाठ आहे' असं म्हणायचं माझ्या जिवावर आलं. अनसाला पुढं धाडलं आणि मी लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिलो. पलटणीतला शिपाई झाडामागं दडला म्हणा ना.

खिडकीत काय झालं ते मला नंतर कळलं. कारकुनानं पेशंटचं नाव विचारलं. आता आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. हळदीकुंकवाला कुणी अडवलं तर उखाण्यात घेईल, तेवढंच. अनसा म्हणाली, "त्येंचं नाव घाला." कारकून म्हणाला, "त्यांचं म्हणजे कुणाचं?" ही म्हणाली, "गणपतीच्या बापाचं जे, तेच." मागं माणसं खोळंबलेली. कारकून वैतागला. म्हणाला, "बाई, तुमचं नाव सांगा." हिनं सांगितलं. "होतंय काय?" "छातीत गाठ." त्यानं कागद भरला आणि हिच्या हातात दिला. हिला वाचता येत नव्हतं आणि मी तो उघडून बघितला नाही.

आम्हाला ज्या व्हरांड्यात बसवलं तिथं बाकांवर सगळ्या बायका आणि प्रत्येकीच्या बाजूला तिचं पुरुषमाणूस उभं. मी टेकणार तेवढ्यात एक फेटेवाला म्हणाला, "पावनं, बायामान्सांस्नी बसू द्या की." उठलो. अनसा बसली आणि मी पुरुषांत उभा राहिलो. फेटेवाल्यानं तंबाखू मळता मळता विचारलं, "तुमची कवापासनं आजारी हाय?"

"झालं की सा म्हयनं," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

मग नर्सनं हाक मारली, अनसूयाबाई. अनसाला वाटलं, माहिती विचारायला बोलावलंय. ती आत गेली आणि नर्सनं पडदा ओढला. थोड्या वेळानं आतून झटापटीचा आवाज यायला लागला.

"आवं बाई, माझं न्हाई वं."

"लाजू नका, इथं सगळ्यांचं सारखंच असतं. चोळी काढा."

"माझ्या मालकांचं हाय."

"मालक बाहेर उभे आहेत. घाबरायचं नाही."

आणि मग माझी बायको, लग्नानंतर पहिल्यांदाच, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "महादेव नाव हाय त्येंचं. माझ्या नवऱ्याच्या छातीत गाठ हाय. महादेवाच्या."

व्हरांड्यातले सगळे पुरुष वळून माझ्याकडं बघायला लागले. फेटेवाल्याचा तंबाखू हातातच राहिला. मी बंडी सावरली आणि पडद्याआड गेलो. एक सांगतो, त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्याच्या पुढच्याच क्षणाला फार हलकं वाटलं. आता लपवायला काही उरलंच नव्हतं.

उजवी की डावी

डॉक्टरांच्या खोलीत दोघादोघांना एकदम घेत. माझ्या आधी सांगलीजवळच्या एका जैन व्यापाऱ्याची बायको बसली होती, पद्माक्का. वय माझ्याएवढंच. डॉक्टर विचारत होते तिला आणि उत्तरं देत होता तिचा नवरा. किती दिवस झाले, दुखतं का, ताप येतो का, सगळं त्याला ठाऊक. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या बाजूला. तो ठासून म्हणाला, "उजव्या." पद्माक्का खाली बघून हळूच म्हणाल्या, "डाव्या." तेवढा एकच शब्द त्या बोलल्या.

माझी पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी सवयीनं अनसाकडं बघितलं, मग माझ्याकडं वळले. तेल चोळल्याचं ऐकून त्यांनी मला चांगलं फैलावर घेतलं. "गाठ रगडायची असते का? शिकलेले दिसता." मग विचारलं, "घरात कुणाला होता हा त्रास? आईला? बहिणीला?"

"न्हाई. आई छातीच्या दुखण्यानं गेली."

"छातीच्या म्हणजे कसल्या?"

मला सांगता येईना. आईचा मी थोरला मुलगा, तिला खांदा दिला, आणि ती कशानं गेली ते मला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "बहीण असेल तर तिला एकदा तपासून घ्यायला सांगा. हे काही वेळा घरात चालत येतं." बहीण होती. हौसा, माझ्या पाठची, लोणंदला दिलेली.

गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला. निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं, कॅन्सर आहे, पण अजून फार पसरलेला दिसत नाही, लगेच कापून काढू. पोरं डोळ्यांपुढं आली. मला भीती वाटली आणि मी ती अनसाला बोलून दाखवली. ती म्हणाली, "भ्या वाटतंय तर वाटू द्या. आपरेशन काय भ्या वाटल्याबिगार हुईत न्हाई."

बाहेर पद्माक्का भेटल्या. म्हणाल्या, "मास्तर, तुमाला तुमच्या तोंडावर सांगितलं न्हवं डॉक्टरांनी? मला अजून कुणी काय सांगितलंच न्हाई. आमच्या ह्यांना बाजूला न्हेऊन सांगितलं. हे मला रोज आंबे आणून देत्यात, त्यावरनं मी ओळखलं."

मर्दाला शोभणारा आजार

माझं ऑपरेशन ठीक झालं. मला पुरुषांच्या वॉर्डात ठेवलं होतं. तिथं एक गंमत बघितली. खरं कुणीच सांगत नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या बाबाला अंडवृद्धी, पण भेटायला येणाऱ्याला तो सांगायचा, मांडीला गळू झालंय. पलीकडच्याला मूळव्याध, तो म्हणायचा कंबर. मला विचारलं की मी सांगायचो, बैलानं शिंग मारलं. बायका लाजतात म्हणे. अख्खा वॉर्ड मिशा असलेल्यांचा, आणि एकालाही आपल्या दुखण्याचं नाव घेता येत नव्हतं.

गावाकडनं चुलतभाऊ आला. अनसानं त्याला खरं सांगितलं. त्यानं आधी दार लोटलंय का ते बघितलं. म्हणाला, "वहिनी, हे गावात बोलू नगा. हुद्याचं आपरेशन झालं म्हणून सांगू. हुद्याचं म्हटलं की मर्दाला शोभतंय." झालं, गावात बातमी गेली, मास्तरांच्या हृदयाचं ऑपरेशन. माणसं आदरानं भेटायला यायला लागली. एकानं तर विचारलं, आत कुणाचं नवीन बसवलं का.

अनसा रोज धर्मशाळेतून दवाखान्यात यायची, माझं अंग पुसायची, दाढीसुद्धा तीच करायची. पुढं विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, घेताना पद्माक्का परत बाकावर भेटायला लागल्या. त्यांचंही ऑपरेशन झालं होतं. एकदा म्हणाल्या, "एक बघितलं का मास्तर. माझ्यासंगं आमचे हे आले तर सगळ्या नर्सबाया म्हणत्यात, केवढा देवमाणूस, दुकान बंद ठेवून बायकोसाठी येतोय. आन तुमच्या अनसाक्का रोज येत्यात, त्यास्नी कोण काय म्हणतंय का?" अनसा हसली. म्हणाली, "मला काल एक बाई म्हणली, पोरं कुणावर टाकून आलीस गं."

दोरीवरचं लुगडं

डावा हात वर जाईना. खांद्याच्या वर न्यायला गेलं की काखेत दोर ताणल्यासारखं व्हायचं. ड्रिल मास्तरचा हात वर जात नाही म्हणजे पोट भरायचं कसं? नर्स भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायला शिकवायची. म्हणाली, "बायकांचा हात लवकर सुटतो. वेणी घालायला, फडताळातलं काढायला, कपडे वाळत घालायला त्यांना हात वर न्यावाच लागतो. तुम्ही घरी काय करता?" मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, "मग करा."

घरी आल्यावर अनसानं नर्सचा हुकूम तंतोतंत पाळला. धुणं पिळून ती बादली माझ्यापुढं ठेवायची. मी डाव्या हातानं एकेक कपडा दोरीवर टाकायचो. नऊवारी लुगडं दोरीवर नीट पसरवणं हे रायफल साफ करण्याहून अवघड काम आहे, करून बघा. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, "अनसा, काय चारलंस गं नवऱ्याला?"

"डॉक्टरांनी औषध दिलंय काकू," अनसा म्हणाली. "तुमच्या घरातल्यांस्नी पायजे का?"

रोज थोडं थोडं करत हात कानाला लागला. त्या दिवशी मी शाळेत रुजू झालो. मैदानावर 'सावधान' म्हणालो आणि पहिला व्यायाम हात वर न्यायचाच घेतला. मी जिवंत होतो आणि माझा हात वर जात होता.

लोणंद

एवढं सगळं झालं तरी डॉक्टरांचं एक वाक्य डोक्यातून जात नव्हतं. हौसाला दाखवा. भाऊ बहिणीला असलं कसं विचारणार? मी अनसाला धाडलं. ती लोणंदला राहून आली. म्हणाली, "मला म्हणतीया, मी दगडासारखी हाय. पर बोलताना पदर सारखा वढून घेत हुती. तिला हाय कायतरी."

शेवटी मी गेलो. दाजी, म्हणजे हौसाचा नवरा, कांद्याच्या अडतीवर कामाला. दुपारी ते बाजारात आणि तिचे सासरे बाहेरच्या सोप्यात झोपलेले. हौसा चुलीपुढं भाकरी थापत होती. हृदयाचं ऑपरेशन तिनंही ऐकलं होतं. मी समोर पाटावर बसलो. विचारायला तोंड उघडलं, शब्द फुटेना. मग सदरा काढला, बनियन काढलं.

"दादा, काय करतोयस?"

"बघ."

डाव्या बाजूला काही उरलेलं नाही. बरगड्यांवर ताणलेली कातडी आणि काखेपर्यंत गेलेला व्रण. हौसानं पिठाचा हात लुगड्याला पुसला आणि व्रणावरून बोटं फिरवली. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"हे हुद्याचं न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई. थानाचा कॅन्सर हुता."

ती रडायला लागली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आईला बी हेच हुतं दादा. छातीचं दुखणं म्हंजी हेच. मी फडकं बदलायची तिचं. तिनं मला शपथ घातली हुती. पोरांस्नी सांगू नगंस म्हणली, त्यास्नी लाज वाटंल."

आईच्या शेवटच्या दिवसांत मी पलटणीतून रजेवर घरी आलो होतो. ती गळ्यापर्यंत पदर ओढून पडलेली असायची. मी पाय चेपत बसायचो. विचारलं, काय दुखतंय, तर म्हणायची, वारं धरलंय रं, जाईल. आणि मला विचारायची, तिकडं पोटभर जेवायला घालतात का. मी कराडहून मलमाची डबी आणून दिली होती. आता त्या चुलीपुढं मला सगळं कळलं आणि मी हौसाच्या खांद्यावर डोकं ठेवून पोरासारखा रडलो. आमच्या लाजेपायी ती मेली. तेव्हा आम्हाला ती लाज वाटतेय हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

रडून झाल्यावर हौसानं करपलेली भाकरी काढून टाकली. म्हणाली, "मला बी हाय. उजवीकडं. दिवाळीपासनं."

"कापडं भर. जायचं."

"ह्यास्नी काय सांगू?"

"जे हाय ते सांग."

दाजी पहिल्यांदा म्हणाले, सुगी होऊ द्या. मी सदरा वर केला आणि त्यांनाही दाखवलं. दुसऱ्या दिवशी तेसुद्धा आमच्याबरोबर गाडीत बसले.

हौसाची गाठ काढून तपासायला दिली. निकालाच्या दिवशी डॉक्टर दाजींना घेऊन बाहेर निघाले, तशी मी वाट अडवली. म्हणालो, "साहेब, तिचं तिला सांगा." डॉक्टर थांबले, माघारी आले, हौसापुढं स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "गाठ साधी आहे. कॅन्सर नाही. काढून टाकली, आता काळजी नाही." हौसानं त्यांना ते परत एकदा म्हणायला लावलं. ते परत म्हणाले. मी आणि दाजी दोघंही डोळे पुसत होतो, ती एकटी धड होती.

लोणंदला तिला घेऊन आलो तेव्हा घर भरलेलं. शेजारपाजारच्या बाया, दोन-चार पुरुष. सासरे खाटेवर उठून बसले.

"कसलं आपरेशन म्हणायचं पोरी?"

दाजी घाईनं म्हणाले, "पोटाचं."

"पोटाचं न्हाई मामंजी," हौसा म्हणाली. "थानात गाठ हुती. काढली, साधी निघाली. आमच्या आईची साधी न्हवती, ती कुणाला बोलली न्हाई आन मेली. हितं बाया हायत्या म्हणून सांगते, कुणाला असलं काय हाताला लागलं तर मला येऊन सांगा. माझा भाऊ मिरजंला घिऊन जाईल."

सासरे जमिनीकडं बघत राहिले. एक म्हातारी मात्र हौसाजवळ सरकून बसली आणि तिनं तिचा हात हातात घेतला.

हौसा भिंतीला टेकली. दाजींना म्हणाली, "मला ह्यो हात हलवायचा न्हाई म्हणलंय डॉक्टरनी. एवढी मानसं आल्यात, चहा टाका."

दाजींनी एकदा वडलांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग उठून आत गेले. चुलीत लाकडं सारल्याचा, भांडी हलल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं आतून विचारलं, "साखर कुठं असतीया?"

बसलेल्या सगळ्या बाया एकदम उठायला लागल्या.

"बसा," हौसा म्हणाली. "शोधू द्या त्यास्नी."